थंडीतलं शिबिर

विश्वजीत कारखानीस पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा बकुळला तो चक्क आवडला होता. नंतर तिला स्वतःलाच हे खरं वाटेना, पण तसं होतं.

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत बकुळ आणि तिचे वडील बिंदुमाधव मोघे दोघंच राहत. बिंदुमाधवांचा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला होता. बकुळ बायकांची डॉक्टर होती. शहराबाहेर, आशापूरच्याही पुढे, एका ट्रस्टच्या इस्पितळात ती रोज स्कूटीनं जायची. विश्वजीत मूळचा पुण्याचा, पण वीस-बावीस वर्षं अमेरिकेत होता. तिथल्या एका विद्यापीठात 'ग्लोबल विमेन्स हेल्थ' असा विभाग होता आणि तो त्याचा प्रमुख. दर वर्षी काही तरुण डॉक्टर घेऊन तो कुठल्या ना कुठल्या गरीब देशात ऑपरेशनचं शिबिर घ्यायचा. यंदा त्यानं बकुळचं इस्पितळ निवडलं होतं.

"काशीत मराठी घर, आणि पानात हे!" मटाराचा निमोना भातावर घेत तो म्हणाला. "हे घाट तर आपल्याच लोकांनी बांधलेत ना काका?"

"बांधले ते राजांनी," बिंदुमाधव म्हणाले. "आम्ही किरायानं राहतो."

विश्वजीत मनापासून हसला. जेवणानंतर बकुळनं चौकातून आणलेल्या मलइयोचे, थंडीतल्या त्या दुधाच्या गोड फेसाचे, कुल्हड पुढे केले आणि बरेच दिवस मनात असलेलं विचारलं.

"सर, शिबिर थंडीतच का? आमच्याकडे अंग बाहेर आलेल्या बायका जास्त येतात त्या भाताच्या रोपणीच्या दिवसांत. दिवसभर चिखलात वाकून काम, डोक्यावर भारे. तेव्हा खरी गरज असते."

"अगं, जुलैत माझी पोरं इथं टिकतील का?" तो म्हणाला. "दोन दिवसांत सगळी पोटं धरून बसतील."

बकुळही हसली. तिला हसावंसं वाटलं होतं, कारण अशा माणसाची ती फार वाट बघत होती. मेडिकल कॉलेजात असल्यापासून तिनं पाहिलं होतं, अंग बाहेर आलेली, लघवी गळणारी बाई आली की हुशार मुलं नाकाला रुमाल लावून दुसऱ्या वॉर्डात पळायची. तिची वर्गमैत्रीण हिमानी सरळ म्हणायची, "मी त्या वासात जिंदगी काढणार नाही." हिमानीनं महमूरगंजला नर्सिंग होम काढलं, मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी. इस्पितळातले विभागप्रमुख डॉ. सुमंत या कामाला 'नीचे का काम' म्हणत आणि ते बकुळकडे ढकलून देत. बकुळला त्या वासाचं कधी काही वाटलंच नाही. तिला एवढंच हवं होतं, की हे काम ज्याला नीट येतं अशा कुणीतरी शेजारी उभं राहून ते शिकवावं.

"मी शिकवीन ना," विश्वजीत म्हणाला. "त्यासाठीच तर येतोय."

शिबिराच्या पहिल्या दिवशी तपासणी होती. गावोगावच्या बायका व्हॅनमधून आणल्या होत्या. त्यांत चंदौलीकडची सुभावती होती. पन्नाशीची, काटक, नाकात जुनी फुली. चार बाळंतपणं झालेली. संध्याकाळपर्यंत शेतात राबलं की गर्भाशय खाली उतरून बाहेर यायचं, रात्री आडवी झाली की आत जायचं. तिचं दुखणं एवढंच होतं. बकुळनं तिला गर्भाशय वर धरून ठेवणारी, योग्य मापाची रबरी रिंग बसवली, खोकायला लावलं, उकिडवं बसायला लावलं, आवारात चक्कर मारून यायला सांगितलं. रिंग जागेवरून हलली नाही.

सुभावती परत आली ती हसतच. आत काही बसवलंय हे तिला जाणवतही नव्हतं. "अरे, ई त बड़ा आराम हौ," ती म्हणाली. "कुछो बुझाते नाहीं हौ."

दुपारी विश्वजीत त्याच्या डॉक्टरांना घेऊन राउंडला आला. सुभावतीचा कागद बघून थांबला.

"रिंग? का?"

"सर, हिला पुरेशी आहे. तिला स्वतःलाही बरं वाटतंय. ऑपरेशन नंतर कधीही करता येईल."

"बकुळ, रिंग बसवायला आम्ही इतक्या लांबून आलो नाही." तो आवाज चढवून बोलला नाही, समजुतीच्या सुरात बोलला. "आणि या रिंगची काळजी कोण घेणार? गावात? एकदाच गर्भाशय काढून टाकू. केस चांगली आहे. क्लेअरला अशा केसेस हव्यात."

क्लेअर त्याच्या शेजारीच उभी होती. तिशीच्या आतली, शेवटच्या वर्षाचं शिक्षण घेणारी डॉक्टर. तिच्या देशात खालच्या बाजूनं गर्भाशय काढायची ऑपरेशनं आता कमी होतात, शिकणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येतात, हे तिनं आदल्या दिवशी चहा पिताना बकुळला सांगितलं होतं. तेव्हा बकुळला ते नुसतं माहितीसारखं वाटलं होतं. आता तिनं क्लेअरकडे पाहिलं, मग सुभावतीकडे. ती बिचारी काय बोलणं चाललंय ते न कळून सगळ्यांना हात जोडत होती.

"सर, शिकणारी डॉक्टर करणार असेल तर मला तसं पेशंटला सांगावं लागेल."

मागून सुमंत म्हणाले, "अरे यार बकुळ, मेहमान आहेत. हर बात में क्या!"

"नाही, नाही, तिचं बरोबर आहे," विश्वजीत म्हणाला. "मी स्वतः करीन. क्लेअर मदतीला राहील. सांग तिला तसं."

बकुळनं सुभावतीच्या खाटेवर बसून तिला सगळं सांगितलं. रिंग ठेवली तरी चालेल, ऑपरेशन केलं तरी चालेल. ऑपरेशन केलं तर बडे डॉक्टर साहब स्वतः करतील.

"आप का कहत हईं?" सुभावतीनं विचारलं.

बकुळला रिंग म्हणायचं होतं. पण बाहेरच्या ओसरीत सुभावतीचा नवरा आणि दीर उभे होते, त्यांना सुमंतांनी आधीच सांगून टाकलं होतं की अमेरिकेचा डॉक्टर फुकटात कायमचा इलाज करतोय. नवऱ्यानं दारातूनच मान हलवली. सुभावतीनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त कर दीं."

दुसऱ्या दिवशी बकुळला ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलंच नाही. भाषेसाठी तिची बाहेर जास्त गरज आहे, असं विश्वजीतनं सांगितलं. ती बाह्यरुग्ण विभागात बायका तपासत बसली. थोड्या वेळानं देणगीदारांसाठी फिल्म बनवणाऱ्या चमूतली एक मुलगी आत आली. दिल्लीची असावी.

"मॅम, एखादी पेशंट द्याल का? थोडी जवान हो तो बेहतर. जो कैमरे पर रो सके."

"काय?"

"मतलब, अपनी तकलीफ बताते हुए. नॅचरल रोना."

बकुळ खुर्चीतून उठली. हे कुणी सांगितलं म्हणून ती विश्वजीतला जाब विचारायला निघाली, आणि तो तिला थिएटरच्या बाहेरच भेटला. व्हरांड्यात खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून उभा होता. अंगात हिरवा कोट, गळ्यात मास्क. समोर कॅमेरा. तो इंग्रजीत सांगत होता की या बायकांना आवाज नसतो, आम्ही त्यांचा आवाज होतो.

"सर, आत टेबलावर कोण आहे?" बकुळनं मध्येच विचारलं.

कॅमेरावाल्यानं वैतागून मान वर केली. विश्वजीतनं दोन बोटं दाखवून, दोनच मिनिटं, अशी खूण केली.

बकुळ आत गेली. टेबलावर सुभावती होती. क्लेअर एकटी ऑपरेशन करत होती. समोर मदतीला इस्पितळाची नर्स. सुमंत हातमोजे काढून भिंतीशी उभे राहून फोनवर बोलत होते, अमेरिकेतल्या कुठल्याशा परिषदेचं बोलावणं कधी येणार याबद्दल. गर्भाशय निघालं होतं, पण रक्त थांबत नव्हतं आणि क्लेअर एकाच जागी पुन्हा पुन्हा चिमटा लावत होती.  लघवीच्या पिशवीत लालसर पाणी होतं.

बकुळ घाईघाईनं हात धुऊन टेबलाशी आली. रक्तस्राव तिनं थांबवला. मग म्हणाली, "मूत्राशयाला धक्का लागलाय बहुतेक. आत निळं औषध भरा, गळत असेल तर दिसेल. आत्ताच बघू. आत्ता सापडलं तर आत्ताच शिवता येईल."

तेवढ्यात विश्वजीत आला. पिशवीकडे एक नजर टाकली.

"थोडा लालसर रंग असतोच. रिलॅक्स."

"सर, पाच मिनिटांचं काम आहे."

"पुढची पेशंट बाहेर थांबलीय. आणि कॅमेरा आत येणारेय." मग मराठीत, हळू, म्हणजे इतरांना कळू नये अशा बेतानं, "बकुळ, माझ्या विद्यार्थिनीसमोर माझ्या टेबलावर असं करायचं नाही. कळलं?"

बकुळनं सुमंतांकडे पाहिलं. सुमंत छताकडे बघत होते. ती बाजूला झाली. तिला वाटलं, हा माणूस हे काम माझ्या कितीतरी पट जास्त वेळा करत आलाय, कदाचित माझंच चुकत असेल. 

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी सुभावतीची लघवीची नळी काढली. दुपारच्या आत गादी भिजली. नर्सनं चादर बदलली, तीही भिजली. बकुळनं तिला तपासणीच्या खोलीत नेलं आणि मूत्राशयात निळं औषध भरलं. आत ठेवलेला कापूस क्षणात निळा झाला. मूत्राशयाला भोक पडलं होतं आणि लघवी सरळ खालून बाहेर येत होती. बकुळनं पुन्हा नळी घातली आणि ती विश्वजीतला शोधायला गेली.

तो ट्रस्टच्या ऑफिसात शाल-श्रीफळ घेत होता. सत्कार संपेपर्यंत ती दारात उभी राहिली.

"हं," सगळं ऐकून तो म्हणाला. "होतं असं. जगात सगळीकडे होतं. नळी ठेव काही आठवडे. कधीकधी आपोआप भरतं. नाही भरलं तर तीन महिन्यांनी शिवायचं. तुम्ही आहातच की इथं."

"तिला सांगायला हवं."

"तू सांग ना. तुझी भाषा आहे."

"ऑपरेशन तुमचं होतं सर."

"बकुळ, आमची फ्लाइट उद्या सकाळी आहे. आणि खरं सांगू? अशा गोष्टी आम्ही लेखी-तोंडी कबूल करायच्या नाहीत, असं विद्यापीठाचे वकील सांगतात. यात वैयक्तिक काही नाही."

वॉर्डाकडे परत येताना जिन्यात क्लेअर भेटली. पायरीवर बसून रडत होती. तिला कळलं होतं. बकुळला बघताच ती उठून तिच्या गळ्यातच पडली. "मला किती भयंकर वाटतंय, तुला कल्पना नाही," ती इंग्रजीत म्हणत राहिली. बकुळचे हात क्षणभर तिच्या पाठीवर गेले, सवयीनं, जसे रडणाऱ्या कुणाच्याही पाठीवर जातात. मग तिनं ते काढून घेतले.

"माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "तिला सांग."

क्लेअर आली, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. सुभावतीच्या खाटेशी गुडघ्यांवर बसली, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि "सॉरी, सॉरी" म्हणत पुन्हा रडायला लागली. आजूबाजूच्या बायका उठून बसल्या. इतकी गोरी, गोड मुलगी आपल्यापैकी एकीच्या पायाशी बसून रडतेय, हे त्यांना पुरतं कळेना. सुभावती गोंधळली. तिनं दुसऱ्या हातानं पदर घेऊन क्लेअरचे डोळे पुसले.

"मत रोवा बचिया," ती म्हणाली. "घरे क याद आवत हौ का? काल्ह जाए के हौ न? मत रोवा."

"काय म्हणतेय?" क्लेअरनं विचारलं.

"रडू नको म्हणतेय."

क्लेअरनं सुभावतीला घट्ट मिठी मारली. तिचा चेहरा एकदम हलका झाला होता. दोन्ही हात जोडून, जसं इथं येऊन शिकली होती तसं, तिनं नमस्कार केला आणि ती गेली. बकुळ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. हिला माफी हवी होती, ती मिळाली. कशाबद्दल माफ केलं हे देणारीला ठाऊकच नाही, आणि घेणारीनं ते सांगितलंही नाही. आयुष्यात बकुळनं किडे पडलेल्या जखमा धुतल्या होत्या. तेव्हा न आलेली शिसारी तिला आत्ता आली.

मग तिनं खाटेवर बसून सुभावतीला सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, काही न लपवता. ऑपरेशन बड्या डॉक्टरनं केलं नाही. या मुलीनं केलं, तिला ते अजून येत नव्हतं. मूत्राशयाला भोक पडलंय. गादी भिजते ती त्यानंच. पुन्हा ऑपरेशन लागेल, पण लगेच करता येणार नाही, सूज उतरेपर्यंत थांबावं लागेल.

 सुभावतीनं बकुळच्या हातातला आपला हात हळूच सोडवून घेतला.

"आप त कहले रहलीं कि बड़का डाक्टर करिहैं."

"हां. मैंने कहा था. मुझे यही बताया गया था."

"आ आप? आप कहाँ रहलीं?"

बकुळकडे याचं उत्तर होतं, बाहेर बसवलं होतं, नंतर आत आले, सांगून पाहिलं, वगैरे. ते तिनं बाजूला ठेवलं. "मी अडवायला हवं होतं," असं ती हिंदीत म्हणाली. सुभावतीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

संध्याकाळी पाहुण्यांसाठी दशाश्वमेधला बजरा, म्हणजे मोठी सजवलेली होडी, घेतला होता. नदीतून आरती बघायची आणि मग जेवण. बकुळला जायचं नव्हतं. पण उद्या सकाळी विमानतळावर जाण्याआधी विश्वजीतला अर्धा तास वॉर्डात आणायचं, हे तिनं ठरवलं होतं. म्हणून ती गेली.

बजऱ्यावर गाद्या घातल्या होत्या, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. क्लेअर बनारसी शाल पांघरून, हातात पेटता दिवा धरून फोटो काढून घेत होती. बकुळला बघून ती जवळ आली आणि म्हणाली, "थँक यू. तिनं मला माफ केलं. मला किती शांत वाटतंय."

बकुळ तिला ओलांडून पुढे गेली. गाद्यांवर गप्पा रंगल्या होत्या. एक जण म्हणत होता की गेल्या वर्षी आफ्रिकेतल्या शिबिरात निघताना बायकांनी नाच केला होता, इथं नुसत्या नमस्कारावर भागवलं. दुसरी म्हणाली, इथल्या केसेस मात्र अफलातून, घरी चार वर्षांत जे बघायला मिळणार नाही ते इथं आठवड्यात मिळालं. तिसऱ्याला वाटत होतं की इथल्या बायकांना वेदना कमी होतात, औषध न मागता पडून राहतात. "दे आर व्हेरी स्ट्राँग," असं सुमंतांनी त्याला समजावून सांगितलं आणि सगळ्यांच्या आधी तेच हसले. पुढचं शिबिर नेपाळमध्ये घ्यावं की इथंच, यावर बोलणं आलं. नेपाळमध्ये नंतर ट्रेकिंगही होईल, असं कुणीतरी म्हणालं.

विश्वजीत टोकाला एकटा बसला होता. बकुळ त्याच्या शेजारी बसली.

"सर, उद्या सकाळी अर्धा तास या. मराठीत बोला, मी तिला हिंदीत सांगते. नुसतं तिच्यासमोर उभं राहून म्हणा की हे आमच्या हातून झालं."

"त्यानं तिची लघवी थांबणार आहे का?"

"नाही."

"मग?" त्यानं सुस्कारा सोडला. "तू फार इमोशनल होतेयस. तुझ्यासारख्या डॉक्टरची मला गरज आहे, म्हणून सांगतो. पंधरा वर्षं करतोय मी हे. हजार बायकांचं भलं होतं, एखादीचं बिनसतं. तू त्या एखादीकडे बघत बसलीस तर हजार तशाच राहतील." मग त्याचा चेहरा उजळला. "हे बघ, आपण यावर पेपर लिहू. साधनं कमी असलेल्या ठिकाणी होणारी गुंतागुंत. केस तुझ्याकडे आहेच, तीन महिन्यांनी तू शिवशील त्याचेही फोटो काढ. तुझं नाव पहिलं घालू. पुढच्या वर्षी तू तो आमच्या परिषदेत येऊन वाच."

 तो अजून बोलत होता, व्हिसाचं, तिकिटाचं. त्याच्या बोटांना भज्यांचं तेल लागलं होतं आणि तो ती एकेक करून पुसत होता. ती उठली आणि नावाड्याला म्हणाली, "भइया, हमको उतार दीजिए."

"यहाँ? आगे भोसले घाट पड़ेगा."

"वहीं उतार दीजिए."

मागून सुमंत ओरडले, "अरे, जेवण बाकी आहे!" ती वळून न बघता उतरली. घाटाच्या पायऱ्यांवर तिला उलटी झाली. मग तिनं चूळ भरली आणि घाटाघाटानं चालत घरी आली. बिंदुमाधव वाचत बसले होते. तिच्याकडे एकदा पाहून त्यांनी गॅसवर पाणी ठेवलं. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. ऐकून घेऊन ते म्हणाले, "मी त्याला वाढलं. दोनदा आग्रह केला." एवढंच बोलून ते कपात चहा गाळायला लागले.

सुभावतीचं भोक आपोआप भरलं नाही. ते तीन महिने तिनं इस्पितळाच्या मागच्या खोलीत काढले. घरी नवऱ्यानं वासामुळे तिच्यासाठी बाहेरच्या पडवीत खाट टाकून ठेवली होती, म्हणून बकुळनंच तिला ठेवून घेतलं. सुमंतांनी यावर कुरकुर केली. "कॅम्पची पेशंट आपल्या बेडवर किती दिवस?" असं ते म्हणाले तेव्हा बकुळनं त्यांना विचारलं, "तुमच्या अमेरिकेचं काय झालं, आलं का बोलावणं?" त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

असं भोक शिवायचं ऑपरेशन बकुळनं एकटीनं कधी केलं नव्हतं. ती डॉ. मधुरा पराडकरांकडे गेली. रेल्वेच्या इस्पितळातून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि लहरताऱ्याला राहत. बकुळला कॉलेजात त्यांनी शिकवलं होतं. बोलायला फटकळ.

"अशी शिबिरं मी खूप पाहिली," त्या म्हणाल्या. "पूर्वी नसबंदीची व्हायची, आपलेच डॉक्टर, आपलंच सरकार. शाळेच्या बाकांवर बायका झोपवायचो. आता पाहुणे विमानानं येतात, एवढाच फरक." मग त्यांनी चष्मा पुसला. "येते मी. पण हात तुझा. मी फक्त उभी राहीन."

त्या उभ्या राहिल्या. ऑपरेशनला सकाळ गेली. एका जागी बकुळची सुई चुकली तेव्हा त्यांनी "काढ, परत घाल" इतकंच म्हटलं. ऑपरेशनच्या आधी बकुळनं सुभावतीला सांगितलं होतं की हे मी पहिल्यांदा करतेय, माझ्या बाई शेजारी असतील, नको असेल तर लखनौला पाठवण्याची व्यवस्था करते. सुभावतीनं तिच्याकडे रोखून पाहिलं होतं. मग म्हणाली होती, "अबकी रहबू न उहाँ?"

"रहूँगी. शुरू से आखिर तक."

नळी काढली त्या दिवशी बकुळ खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिली. चादर कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशीही. सुभावती स्वतः उठून संडासात गेली आणि आली, आणि मग भिंतीला टेकून खूप वेळ मोठ्यानं रडली. त्या तीन महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. घरी जाताना तिनं आभार मानले नाहीत. बकुळला ते बरंच वाटलं.

पावसाळ्यानंतर विश्वजीतची मेल आली, पुढच्या शिबिराच्या तारखांची. ट्रस्टच्या बैठकीत बकुळनं सांगितलं की यायचं तर या, पण शिकणारी माणसं फक्त मदत करतील, आणि शिबिर संपल्यावर एक मोठा डॉक्टर महिनाभर मागे राहील. नाहीतर ती दुभाष्याचं काम करणार नाही आणि दुसऱ्या कुणाला करूही देणार नाही. ट्रस्टींनी चहा घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि कळवतो म्हणाले. विश्वजीतला या अटी कळल्या तेव्हा त्यानं उत्तरच पाठवलं नाही. डिसेंबरात बकुळला कळलं की शिबिर हिमानीच्या नर्सिंग होममध्ये होतंय.

"तुला काय प्रॉब्लेम आहे?" तिनं फोन केला तेव्हा हिमानी म्हणाली. "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. ग्लोबल म्हटलं की पेशंटही येतात नंतर. माझे पैसे देणारे पेशंट. मी काय त्या बायकांना हात लावणार आहे?"

"तेच तर," बकुळ म्हणाली.

शिबिर सुरू झालं त्या दिवशी दुपारी हिमानीचाच फोन आला. आवाज संतापलेला होता. चंदौलीची व्हॅन आली होती. त्यात एक बाई पेशंट नसताना आली होती, सुभावती नावाची. ती दारातच उभी राहिली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला तिनं आपलं काय झालं ते सांगितलं. पोलीस बोलवायची धमकी दिली तर म्हणाली, बोलवा. मग बायका आत येऊन डॉक्टरांना एकेक प्रश्न विचारायला लागल्या, आणि धड उत्तर मिळेना तेव्हा बऱ्याच जणी परत व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. काही जणी राहिल्या. त्यांना दुखणं सहन होत नव्हतं.

"तूच पढवून पाठवलीस ना तिला?"

"नाही. मला माहीतही नव्हतं." ते खरं होतं. बकुळला आनंद व्हायला हवा होता, पण तिला दिसत होत्या त्या राहिलेल्या बायका. "परत गेलेल्यांना माझ्याकडे पाठव. व्हॅनवाल्याचा नंबर दे."

"नंबर घे. पण थांब, सरांना तुझ्याशी बोलायचंय."

फोनवर विश्वजीत आला. आवाज तसाच, समजुतीचा, पुणेरी.

"बकुळ, कशी आहेस? काका बरे आहेत ना? हे बघ, मला वाटतं आपल्यात काहीतरी गैरसमज झालाय. एकदा बसून बोलू या. तुझा राग मी समजू शकतो, पण या बायकांचं नुकसान..."

बकुळनं त्याला बोलू दिलं. तो शिबिराबद्दल बोलला, देणगीदारांबद्दल बोलला, क्लेअरला कुठं नोकरी लागली तेही त्यानं सांगितलं. मग उत्तराची वाट बघत थांबला.

"सर," बकुळ म्हणाली, "आज दारात उभी होती तीच सुभावती. ती बरी झालीय. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते."

तिनं फोन ठेवला आणि व्हॅनवाल्याचा नंबर लावला.